ओसरीवरचा बर्फ

"साडेतीन," मामा म्हणाला आणि त्याने टॉर्च विझवला.

खांबाला सुतळीने बांधलेलं थर्मामीटर त्या रात्री त्याने चौथ्यांदा पाहिलं होतं. पहाटेचे पावणेपाच वाजले होते. निफाडच्या अलीकडे, कादवेच्या बाजूला त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि डिसेंबर सरता सरता तिथली माणसं रात्री झोपत नाहीत. ओळींच्या तोंडाशी शेकोट्या धुमसत होत्या. छाटणीच्या वाळक्या काड्या, उसाचं पाचट, थोडा भुसा. तीन वाजल्यापासून मोटर चालू करून ठिबक सोडलेलं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा पुष्कळच कोमट असतं, तेवढीच मुळांना ऊब. मी मामीची घोंगडी पांघरून प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा असलेला मामा साध्या चपला घालून बागेत हिंडतोय.

निफाडचा पारा हा दर हिवाळ्यात पेपरात ठरलेला विषय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून येतो, खाली पानांवर गोठलेल्या दवाचा फोटो, आणि पुण्यामुंबईकडची मंडळी "काय मस्त थंडी" म्हणत तो एकमेकांना पाठवतात. बागवाल्याला तो फोटो पाहून पोटात गोळा येतो. गंमत म्हणजे दव गोठतं तेव्हा हवेचा पारा शून्यावर असेलच असं नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान आपली उष्णता उघड्या आभाळाला देऊन टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतं. थर्मामीटर साडेतीन म्हणतं, पान मनातल्या मनात शून्य म्हणत असतं. त्यात निफाडचा हा भाग नद्यांच्या खोलगटात. जड, गार हवा पाण्यासारखी उतारावरून येऊन इथे साचते.

"पोरी," मामा शेकोटीपाशी उकिडवा बसत म्हणाला. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी मी पोरीच. "तुझ्या लेकीकडं, त्या मिनेसोटात, उणे तीस होतं म्हणतेस. तिथं द्राक्षाच्या वेली हायेत म्हणतेस. त्या जगतात. आणि आमची बाग साडेतीनला रडाया लागते. हे कसं काय?"

"जात वेगळी असते, मामा," मी म्हटलं.

"जात वेगळी. बरं." औषधवाला नवी बाटली घेऊन बांधावर येतो तेव्हा मामा जसा "बरं" म्हणतो, अगदी तसाच हा होता.

उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच मला जास्त टोचलं. उरलेलं अर्धं गोळा करायला पुढचं सव्वा वर्ष गेलं. नोकरीत असताना एवढा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करायला हवी. पंचवीस वर्षं मी वर्गात एक वाक्य ऐकवत आले: पाणी गोठलं की फुगतं, म्हणून पेशी फुटते, म्हणून झाड मरतं. सोबत फ्रीजरमध्ये विसरलेल्या काचेच्या बाटलीचा दाखला. मुलं माना डोलवायची. वाक्य एवढं नेटकं की कुणालाच, मलाही, तपासावंसं वाटलं नाही. पण पेशी म्हणजे बाटली नव्हे.

एकदा फ्रिजच्या मागच्या भिंतीला कोथिंबिरीची जुडी चिकटून राहिली होती. काढली तेव्हा ताठ, हिरवीगार, काचेच्या नक्षीसारखी. ओट्यावर ठेवून मी फोडणी करून आले तर तिचं ओलं फडकं झालेलं. आतलं पाणी सगळं बाहेर, पानं काळपट. प्रत्येक गृहिणीने पाहिलेली गोष्ट आहे. नुकसान गोठण्यात झालं की वितळण्यात, हा प्रश्न मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. एकोणिसाव्या शतकात युरोपातली मोठमोठी मंडळी याच प्रश्नावर भांडत होती, हे कळल्यावर फडक्याचा राग थोडा कमी झाला.

त्या भांडणात मला एक माणूस भेटला, आणि तो नेमका द्राक्षवाला निघाला. हर्मान म्युलर हा स्वित्झर्लंडच्या थुर्गाऊ प्रांतातला, म्हणून म्युलर-थुर्गाऊ. याच नावाचं पांढरं द्राक्ष आज जर्मनीत सर्वत्र आहे. तो संकर त्याने १८८२ साली जर्मनीतल्या गायझेनहाइमच्या संस्थेत केला. (रीस्लिंग आणि सिल्वानर या दोन जातींचा हा संकर, असं जग शंभरेक वर्षं धरून चाललं होतं. पुढे डीएनएची तपासणी झाली आणि कळलं की रीस्लिंग बरोबर, दुसरा जोडीदार मात्र मादलेन रोयाल नावाची वेगळीच जात. स्वतः घडवलेल्या वेलीची कुंडली खुद्द घडवणाऱ्यालाच चुकीची माहीत असावी, हे मला उगाचच दिलासा देणारं वाटतं.) द्राक्षांखेरीज हा गृहस्थ गोठण्याच्या मागे लागला होता. त्याच वर्षी त्याने बटाटे गारव्यात ठेवले की गोड होतात, कारण त्यांच्यात साखर साठते, हे दाखवून दिलं. फ्रिजमधल्या बटाट्याचे काप तळताना लालकाळे होतात ते त्यामुळेच. आणि गोठलेल्या झाडाबद्दल त्याचं म्हणणं असं की ते फुटून मरत नाही, कोरडं पडून मरतं.

बर्फात कोरडं! मी ते वाक्य दोनदा वाचलं.

१८९७ साली हान्स मोलिश या प्राग विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते डोळ्यांनी पाहायची सोय केली. त्याने दुहेरी भिंतीची पेटी बनवली, भिंतींमध्ये बर्फ आणि मीठ भरलं आणि आत सूक्ष्मदर्शक ठेवला. थोडक्यात आपल्याकडचा उन्हाळ्यात हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट, फक्त आत दुधाऐवजी भिंग. त्यातून त्याला दिसलं की बर्फ बहुतेक वेळा पेशीच्या आत होतच नाही. तो बाहेर, पेशींमधल्या फटींत धरतो आणि पेशी मनुक्यासारखी आकसत जाते. हाच मोलिश पुढे म्हातारपणी, १९२८ साली, जगदीशचंद्र बोस यांच्या कोलकात्याच्या संस्थेत पाहुणा म्हणून आला होता. त्या वेळी त्याला कुणी निफाडला आणायला हवं होतं.

पेशीचं घर आपल्या जुन्या वाड्यासारखं आहे असं समजा. आत माजघर: जिवंत रस, त्यात साखर, क्षार, प्रथिनं. माजघराभोवती एक तलम पडदा. त्याबाहेर भिंत आणि भिंतीलगतच्या फटी, ती ओसरी. ओसरीवरचं पाणी जवळजवळ निर्मळ. माजघरातलं पाणी विरघळलेल्या मालामुळे जड, त्यामुळे ते थोड्या जास्त थंडीला गोठतं. म्हणून पारा शून्याच्या खाली गेला की बर्फ आधी ओसरीवर येतो. धड पडदा त्याला आत येऊ देत नाही. तेव्हा तो ओसरीवर बसतो आणि पाणी मागतो.

बर्फाला तहान असते, हे मला या वयात कळलं. थंडी जसजशी वाढते तसतशी ती तहान वाढते आणि माजघरातलं पाणी पडद्यातून झिरपत बाहेर येऊन बर्फाला मिळत जातं. उणे १० अंशांना पेशीतलं सुटं पाणी ९० टक्क्यांहून जास्त बाहेर गेलेलं असतं. आत उरते ती काकवी. ती एवढी दाट की तिचा बर्फ होणं अवघड. झाड बर्फाला अडवत नाही. त्याला पाणी देतं, पण घरात घेत नाही. बर्फ आत शिरलाच तर खेळ संपला, तिथे बाटलीची गोष्ट काही अंशी खरी आहे. पण बहुतेक झाडं मरतात ती या कोरडेपणाने, आणि वाचतात ती त्याची तयारी आधी करून ठेवल्यामुळे.

या तयारीतली मला सर्वात आवडलेली गोष्ट शिंप्याकडची आहे. पेशी आकसते तेव्हा तिच्या भोवतीचा पडदा सैल पडतो. त्या जादा कापडाचं काय करायचं? कॉर्नेल विद्यापीठात पीटर स्टेपोन्कस यांनी राय या धान्याच्या, भिंत काढून टाकलेल्या पेशी घेऊन हे पाहिलं. थंडीची सवय नसलेली पेशी जादा पडद्याचे तुकडे तोडून आत टाकून देते. बर्फ वितळतो, पाणी परत येतं, पेशी पुन्हा फुगायला लागते आणि कापड कमी पडतं. तिथे पडदा टरकतो. माझ्या कोथिंबिरीचं फडकं झालं ते असंच काहीसं. सवय झालेली पेशी मात्र जादा पडदा तोडत नाही, बाहेरच्या अंगाला सुरकुत्या करून जपून ठेवते आणि फुगताना तोच उलगडते. आमचा शिंपी ब्लाउजला आतून माया ठेवायचा, पुढेमागे अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. रायची पेशी माया ठेवते.

दुसरी तयारी स्वयंपाकघरातली. पुण्यात थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली थिजते, शेजारचं करडईचं तेल मात्र वाहतंच राहतं. दोन्ही तेलंच, पण खोबरेलातल्या रेणूंच्या साखळ्या सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या, तर करडईतल्या साखळ्यांना वाक असतात. पेशीचा पडदाही मुख्यत्वे अशा स्निग्ध रेणूंचाच. थंडीची चाहूल लागली की झाड आपल्या पडद्यातलं खोबरेल कमी करून करडई वाढवतं. अक्षरशः नव्हे, पण रसायन तेच. केळीला हे नीट जमत नाही. ती उष्ण प्रदेशातली. म्हणून केळं फ्रिजमध्ये ठेवलं की काळं पडतं. तिथे काही गोठलेलं नसतं, तेराएक अंशांच्या खालचा गारवाच तिला पुरतो. थंडी लागणं आणि गोठणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे इथे लक्षात ठेवायला हवं. मामाच्या प्रश्नाचा एक धागा यात आहे.

तिसरी तयारी साखरेची. रशियात निकोलाय मॅक्सिमॉव यांनी १९१२ च्या सुमारास दाखवलं की पेशींना साखरेच्या पाण्यात ठेवलं तर त्या जास्त गोठण सोसतात. थंडीत गाजर गोड लागतं, पालकाला वेगळी चव येते, त्यामागे हेच. आपण त्याचा हलवा करतो, झाडाच्या दृष्टीने ते अंगावरचं पांघरूण. साखर रस दाट करते आणि कोरड्या पडणाऱ्या पडद्यांना, प्रथिनांना एकमेकांवर आदळून चिकटू देत नाही. सोबत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असतं, रॅफिनोज नावाची आणखी एक साखर असते, खास थंडीपुरती बनवलेली प्रथिनं असतात. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात मेरिलिन ग्रिफिथ यांनी हिवाळी रायच्या पानांत अशीही प्रथिनं शोधली जी ओसरीवर, थेट बर्फाच्या स्फटिकाला जाऊन चिकटतात आणि त्याला मोठं, धारदार होऊ देत नाहीत. पाहुण्याला बसायला दिलं आहे, पण पाय पसरू द्यायचे नाहीत.

या सगळ्याचा हिशोब एका ओळीत: उबदार हवेत वाढलेलं राय अचानक गोठवलं तर उणे ५ अंशांच्या आसपास मरतं. तेच राय आधी काही दिवस शून्याच्या थोड्या वरच्या गारव्यात ठेवलं आणि मग गोठवलं तर उणे ३० पर्यंत तग धरतं. बी तेच, जात तीच. इथे माझं "जात वेगळी" तोंडावर पडलं.

मग झाडाला कळतं कसं की तयारीला लागायचं? यावर गेल्या तीस वर्षांत बरंच काम झालं आहे आणि ते बहुतेक मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस नावाच्या एका किरकोळ तणावर. मिशिगनमध्ये मायकेल थॉमाशो यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये सीबीएफ नावाचा एक कळीचा जनुक वेगळा काढला. रोप गारव्यात नेल्यावर पंधरा मिनिटांत तो जागा होतो आणि तो जागा झाला की थंडीच्या तयारीचे इतर कितीतरी जनुक पाठोपाठ उठतात. आळीत पहिल्याने कडी वाजवली की घराघरांत दिवे लागावेत तसं. सीबीएफलाही कुणीतरी उठवावं लागतं, आणि ते काम करणारा एक जनुक २००३ मध्ये सापडला. त्याचं नाव आइस-वन. शास्त्रज्ञांनाही कधीतरी विनोद सुचतो. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं विश्वनाथन चिन्नुसामी यांचं, जे पुढे दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत काम करत राहिले. पुसाच्या गव्हावर वाढलेल्या देशात हे नाव आपल्याला माहीत नसतं.

पंधरा मिनिटांत कडी वाजते खरी, पण पडदा बदलायला, साखर साठवायला, माया ठेवायला दिवस लागतात, कधी आठवडे. झाडाला इशारा हवा असतो आणि इशाऱ्यानंतर सवड.

लेकीकडे मी गेले ती जानेवारीत. सगळे म्हणाले, उन्हाळ्यात जा. पण मला मामाच्या "बरं"चं उत्तर हवं होतं. मिनिआपोलिसच्या विमानतळातून बाहेर पडले तेव्हा नाकातले केस गोठले. हे मी सांगितलं तर गावाकडे कुणाचा विश्वास बसत नाही. लेकीच्या परसात, बर्फात गुडघ्यापर्यंत बुडालेली, कुंपणाला बांधलेली एक वेल होती. पान नाही, रंग नाही. आपल्याकडे अशी काडी दिसली तर शेकोटीत टाकतील. "आई, ही फ्राँटनॅक," लेक म्हणाली. मिनेसोटा विद्यापीठाने ही जात १९९६ मध्ये बाहेर आणली. तिच्या आईबापांत एक आहे तिथल्या नदीकाठची रानवेल, आंबट, लहान मण्यांची. पण हिवाळा तिच्या हाडीमाशी मुरलेला. फ्राँटनॅक उणे ३० च्या थंडीत उघडी उभी राहते. म्हणजे जात थोडी वेगळी आहेच. पण मामाच्या बागेतलं थॉमसन जातीचं द्राक्ष ज्या युरोपीय कुळातलं, त्या कुळातली वेलही झोपलेली असताना उणे १५, उणे २० अंशांपर्यंत डोळे सांभाळते, हेही मी तिथेच वाचलं. आणि साडेतीनला रडते.

वेलीचा डोळा, म्हणजे काडीवरची ती इवलीशी गाठ, आणखी एक तऱ्हा करतो. इथे ओसरीवर पाहुणा बसवायचाही प्रकार नाही. काडीत बर्फ होतो, पण डोळ्याच्या आत शिरायची वाट झोपेच्या काळात बंद केलेली असते. बर्फाचा कण आत पोचला नाही तर पाणी गोठायला सुरुवातच होत नाही. बर्फाला बीज लागतं. दह्याला विरजण लागतं तसंच. विरजणाशिवाय स्वच्छ पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ च्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतात. डोळ्यातलं पाणी हाच आधार घेऊन शून्याच्या कितीतरी खाली द्रवरूपात थांबतं. थांबतं म्हणजे थांबतं, नाही तर एका क्षणात सगळं.

तो क्षण मोजता येतो. डोळे तोडून एका पेटीत ठेवतात, पेटी हळूहळू गार करतात आणि प्रत्येक डोळ्याखाली उष्णता टिपणारी चकती असते. पाणी गोठताना उष्णता सोडतं, दर ग्रॅमला ८० कॅलरी. आधी बाहेरच्या आवरणातलं पाणी गोठतं, तेव्हा आलेखावर एक उंच टेकाड उठतं. मग बराच वेळ सरळ रेघ. आणि मग, उणे वीस म्हणा, पंचवीस म्हणा, एक बारीकसा उंचवटा. आतला अंकुर गोठला. डोळा मेला, आणि मरताना कणभर ऊब देऊन गेला. त्या आलेखासमोर मी बराच वेळ बसून होते. लेकीला वाटलं मला जेटलॅग आहे.

तिच्या घरासमोरच्या रस्त्यावर बर्च होते, पांढऱ्या सालीचे. त्यांची रीत पुन्हा निराळी. ते ओसरीवाले, पण पराकोटीचे. पाणी इतकं बाहेर देतात की आत उरलेला रस काचेसारखा घट्ट होऊन बसतो आणि मग थंडी कितीही वाढो, त्यांना फरक पडत नाही. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात आकिरा साकाई यांनी १९६० साली अशा झाडांच्या डहाळ्या आधी हळूहळू गोठवल्या आणि मग थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या. उणे १९६ अंश. डहाळ्या जगल्या. पृथ्वीवर असा हिवाळा कुठेच नाही. झाडाला एवढ्या तयारीची गरज कशाला पडली असेल, हा प्रश्न चुकीचा आहे. एकदा रस घट्ट झाला की उणे ४० काय आणि उणे १९६ काय. दिल्लीत वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या थंड टाक्यांमध्ये आपल्या पिकांची बियाणी याच नायट्रोजनच्या थंडीत झोपवून ठेवली आहेत, ती याच जातीच्या ज्ञानावर.

विरजणाचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. निसर्गात बर्फाचं सर्वात हुशार विरजण म्हणजे एक जिवाणू, स्यूडोमोनास सिरिंगे. त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं जे पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत उभं करतं. पान एरवी उणे ३-४ पर्यंत सुटलं असतं, हा जिवाणू अंगावर असला तर उणे २ लाच गोठतं. गोठून टरकलेल्या पानातून त्याला जेवण मिळतं. स्टीवन लिंडो यांनी बर्कलीत त्या प्रथिनाचा जनुक काढून टाकलेला जिवाणू तयार केला. साध्या जिवाणूंची जागा या निरुपद्रवी भावंडांनी घ्यावी, म्हणजे पीक वाचेल, असा बेत. एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रेंटवुडला स्ट्रॉबेरीच्या शेतात त्याची फवारणी झाली. जनुक बदललेला सजीव परवानगी घेऊन उघड्यावर सोडण्याची ही पहिली वेळ. विरोधकांनी आदल्या रात्री शेतात घुसून रोपं उपटली होती, आणि फवारणाऱ्या बाईंच्या अंगावर चांद्रवीरासारखा पोशाख होता. प्रयोगाचं पुढे फारसं काही झालं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे स्ट्रॉबेरीवर हिमकण दिसल्याची बातमी आली की मला दर वेळी तो पांढरा पोशाख आठवतो. मामाला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "औषध कितीला होतं?"

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत होते. या वेळी थर्मामीटर साडेचारवर. मी सांगायला सुरुवात केली आणि मामा, शेकोटीत काड्या सारत, ऐकत राहिला.

"मामा, तिथली वेल ऑक्टोबरात काय करते? दिवस लहान होतात, गारवा येतो, पान पिवळं पडून गळतं. काडी पिकते, पाणी कमी करते, साखर भरते. डिसेंबर येईपर्यंत ती झोपलेली असते. आणि आपली वेल ऑक्टोबरात?"

"छाटतो," मामा म्हणाला.

"आणि?"

"पेस्ट लावतो."

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. फळछाटणीनंतर डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यालाच बागेत पेस्ट म्हणतात. ते डोळ्याला दमदाटी करून एकसारखं जागं करतं. युरोपातली वेल अंथरूण घालते त्याच महिन्यात आपण तिला उठवून कामाला लावतो. मग डिसेंबर-जानेवारीत तिच्या अंगावर कोवळं पान असतं, घड असतो, मण्यात पाणी उतरायचे दिवस असतात. साखर पांघरुणाकडे नाही, मण्याकडे चाललेली. रस पातळ, पेशी फुगलेल्या, डोळ्याची वाट उघडी. साडेतीन अंशांना तिच्यात काहीच गोठत नाही. पण मुळं सुस्तावतात, मणी फुगायचा थांबतो. पानांतून पाणी उडत नाही म्हणून ते मण्यात दाटतं आणि ताणू न शकणारी साल तडकते. थॉमसनचा हिरवा मणी गुलाबी पडतो, व्यापारी हात लावत नाही. आणि एखाद्या पहाटे पानावरचं दव खरंच गोठलं, तर अंगात एकही तयारी नाही.

"म्हणजे थंडी वाईट नाही," मामा म्हणाला. "जागं असणं वाईट."

मी त्याला फ्रान्समधल्या जैतुनांचं सांगितलं. १९५६ चा जानेवारी प्रोव्हान्समध्ये उबदार गेला. झाडांना वाटलं, आला वसंत. त्यांनी पांघरूण काढलं, रस चढू लागला. फेब्रुवारीत एकाएकी कडाका पडला आणि लाखो झाडं गेली, त्यांतली कितीतरी पिढ्यानपिढ्यांची जुनी. तीच झाडं तयारीत असती तर त्यातली बरीच तरली असती. अंगावर चढवायला आठवडे लागतात ते काढून ठेवायला काही उबदार दिवस पुरतात.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डिसेंबरात झोपवली तर फेब्रुवारीत विकू काय? पानं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण भर थंडीत फळ पिकवतो म्हणूनच जगाच्या बाजारात आपल्या मालाला भाव मिळतो. साडेचार अंशांची रात्र ही त्या भावातली वजावट. ती बागेत काढायची, धुरात डोळे चोळत. त्या धुराचाही फारसा उपयोग नसतो, हे मी त्याला सांगितलं नाही. धुराचे कण जमिनीची ऊब आभाळात जाण्यापासून अडवू शकत नाहीत. जो काही फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि त्यामुळे हललेल्या हवेचा. मला वाटतं त्याला ते माहीत होतं. कारण तो धुराकडे बघत नव्हता, जाळ मोठा करत होता.

साडेसहाला पूर्वेकडे तांबडं फुटलं. पारा सर्वात खाली जातो तो याच वेळी. मामाने टॉर्च न लावताच थर्मामीटर पाहिलं आणि काही बोलला नाही.

मार्चअखेर लेकीने फोटो पाठवला. फ्राँटनॅकचा एक डोळा ब्लेडने आडवा कापलेला. तिथले बागवाले हिवाळा संपता संपता असे शंभर-शंभर डोळे कापून मोजतात: आत तपकिरी म्हणजे मेला, हिरवा म्हणजे आहे. त्या हिवाळ्यात तिच्याकडे पारा उणे २८ पर्यंत उतरला होता. काडीच्या राखाडी सालीत मधोमध मोहरीएवढा हिरवा ठिपका.

मी तो मामाला पुढे पाठवला. दुपारी त्याचा आवाजी निरोप आला. मागे ट्रॅक्टर चालू, क्रेट आपटल्याचा आवाज. बागेत तोड चालू होती.

"पाहिला गं. हिरवा हाये. पर हा फोटो घेऊन बागंत नको येऊ. वेलींनी पाहिला तर त्या बी सुट्टी मागतील."